आजोबा बंद करण्याचा समारंभ

"आजोबा गेले का गं आई?"

माझी मुलगी फोनवर रोज पहिला प्रश्न हाच विचारायची.

"नाही गं बाळा, आहेत अजून."

"मग कधी जाणार?"

"प्रयत्न चालू आहेत. या महिन्यात तरी जातील असं वाटतंय."

एकदा बसमध्ये हे असंच चाललं होतं, फोन स्पीकरवर होता, तर शेजारची बाई पिशवी उचलून उठली आणि पार मागच्या सीटवर जाऊन बसली. उतरेपर्यंत माझ्याकडे बघत होती. आता तिला काय समजावणार? आजोबा म्हणजे आमच्या कर खात्याचा जुना कॉम्प्युटर. तळमजल्यावरच्या खोलीत चार कपाटांएवढी जागा अडवून बसलेला. एका बाजूने लोकांची विवरणपत्रं गिळायची आणि दुसऱ्या बाजूने नोटिसा बाहेर टाकायच्या, हा त्याचा जन्मभराचा धंदा. त्याला बनवणारी कंपनी बुडाली, दुरुस्त करणारे रिटायर झाले, आजोबा मात्र ठणठणीत.

खात्याने त्याच्या जागी नवी सिस्टिम आणायची ठरवली. तिचं नाव सूनबाई पडलं, कुणी पाडलं ते विचारू नका. आणि सूनबाईला घरात नीट नांदवून तिच्या हातात किल्ल्या द्यायच्या, मग आजोबांना मानाने बंद करायचं, हे काम माझ्या गळ्यात पडलं. हुद्दा आधुनिकीकरण प्रकल्प अधिकारी. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात मी रोज दोन यंत्रांची भांडणं सोडवत होते.

मी हे घेतलं ते एकाच कारणासाठी. आमच्या संचालक साहेबांनी शब्द दिला होता, "मॅडम, ज्या दिवशी आजोबा बंद, त्या दिवशी तुमच्या बदलीवर सही."

नवरा, मुलगी आणि सासूबाई लांबच्या एका लहानशा गावात, मी इथे भाड्याच्या खोलीत. महिन्यातून एकदा घरी जायचे. गेल्यावर पहिला तासभर मुलगी माझ्याशी पाहुण्यांशी बोलावं तसं बोलायची. मागच्या खेपेला तर दारात उभी राहून तिने विचारलं, "पाणी घेणार का तुम्ही?" तुम्ही! मी बॅग तिथेच ठेवली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

बदलीचे अर्ज मी आधीही केले होते. साहेब म्हणायचे, "अहो, तिकडचं ऑफिस म्हणजे दोन टेबलं आणि एक गळका नळ. तिथे माणूस मागून जात नाही हो. आणि तुम्ही गेलात तर इथलं कोण बघणार?" म्हणजे काम नीट केलं म्हणून अडकले. मठ्ठ असते तर कधीच घरी पोचले असते.

तर, आजोबा बंद करायची अट साधी होती. तीच विवरणपत्रं दोघांनाही द्यायची आणि दोघांची उत्तरं ताडून बघायची. फरक शून्य आला की आजोबांना निरोप. फरक काढणाऱ्या विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे फरकताई म्हणायचे. त्यांचं खरं नाव पगारवाल्यांना ठाऊक असेल. अतिशय प्रामाणिक बाई. चहात साखर कमी पडली तरी त्या "फरक आहे" एवढंच म्हणायच्या.

पहिल्या चाचणीनंतर फरकताईंनी माझ्या टेबलावर कागदांचा गठ्ठा आपटला. "तुमची सूनबाई चुकतेय मॅडम. पानापानाला."

मी जाऊन एकेक प्रकरण तपासलं. सूनबाई कुठेच चुकत नव्हती. चुकत होते आजोबा, आणि इतकी वर्षं चुकत होते की चुकांना मिशा फुटल्या होत्या.

उदाहरण सांगते. एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेल्या माणसाचं वय आजोबा चार वर्षांतून एकदाच वाढवायचे. शहरात दातांचे एक डॉक्टर होते, साठी उलटलेले. आजोबांच्या लेखी ते पंधरा वर्षांचे. त्यांची नोटीस दरवर्षी 'पालकांच्या नावे' जायची. मग त्यांचे नव्वदीचे वडील काठी टेकत ऑफिसात यायचे, सही करायचे आणि काउंटरवरच्या माणसाला हात जोडून म्हणायचे, "पोराचं काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या."

मला वाटलं, हे समितीला दाखवलं की विषय संपला. प्रकल्पाची एक समिती होती आणि तिच्या अध्यक्षांपुढे आमचे साहेबसुद्धा खुर्चीच्या टोकावर बसायचे.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. "करारात काय लिहिलंय मॅडम?"

"फरक शून्य असावा, सर."

"बरोबर असावं, असं लिहिलंय का कुठे?"

"नाही सर, पण..."

"मग पण कशाला? शून्य आणा."

"सर, आजोबा चूक आहेत हो! त्यांच्याशी जुळवायचं म्हणजे सूनबाईला चुकायला शिकवावं लागेल."

"वडीलधाऱ्यांचं वळण घ्यायचं असतं," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी पुढचा विषय घेतला. समितीत कुणी हसलं नाही. मीही नाही. मला हसायचं होतं की रडायचं होतं ते ठरेपर्यंत बैठक संपली.

सूनबाई बनवणाऱ्या कंपनीचा माणूस कोपऱ्यात बसला होता. त्याचं नाव आम्ही 'होऊनजाईल' ठेवलं होतं, कारण त्याला काहीही विचारलं तरी उत्तर तेच. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ऐकलंत ना? आता काय?"

"होऊन जाईल मॅडम. फक्त एक आहे. बरोबर करायचे पैसे करारात आहेत. चुका करायचे वेगळे पडतील."

पैसे मंजूर झाले. बरोबर करायचे मंजूर व्हायला वर्ष लागलं होतं, चुकांचे आठवड्यात आले. मी 'आवश्यक चुका' या मथळ्याचा एक जाडजूड दस्तऐवज लिहिला. नोकरीला लागताना वाटलं नव्हतं, की एक दिवस मी चांगल्या शिकलेल्या इंजिनियरच्या अंगावर ओरडेन, "अरे नीट चुकव ना! असं काय अर्धवट चुकवतोस?"

हळूहळू सूनबाई वळणावर आली. डॉक्टर पुन्हा पंधरा वर्षांचे झाले. लांब आडनावांच्या शेपट्या कापल्या गेल्या. मग फरकताई म्हणाल्या, "वेळेत फरक आहे."

"म्हणजे?"

"आजोबा एका विवरणपत्राला चहा होईपर्यंत घेतात. ही डोळ्याची पापणी लवायच्या आत देते. हा फरक नाही का?"

"अहो ताई, ती लवकर काम करते, म्हणून तर आणली तिला!"

"ते मला नका सांगू. मी फरक लिहिते. चांगला-वाईट लिहायला रकाना नाही माझ्याकडे."

झालं. होऊनजाईलने सूनबाईत थांबा टाकला. काम क्षणात उरकून ती पडद्यावर एक गोल गोल फिरणारं चक्र दाखवत बसायची. कर्मचारी खूश झाले. एकजण मला जिन्यात गाठून म्हणाला, "आता खरी आपली वाटते हो मॅडम."

शेवटी एकच फरक उरला आणि तो काही केल्या जाईना. काही विवरणपत्रांना आजोबा आज एक उत्तर द्यायचे, उद्या दुसरं. त्याला नियमच नव्हता. खोली गार असली तर एक, दुपारी तापली तर दुसरं. होऊनजाईल पहिल्यांदाच हताश झालेला मी पाहिला. "मॅडम, चूक कशीही असली तरी करून देतो. पण निदान तिने एका शब्दावर राहायला हवं."

मी घरी फोन केला. नवरा म्हणाला, "अगं, राजीनामा दे आणि ये."

"आणि खायचं काय? तुझं दुकान कसं चाललंय ते मला माहीत आहे."

तो म्हणाला, "चाललंय. तुझ्या आजोबांपेक्षा हळू, पण चाललंय."

आणि एका सोमवारी फरकताई हात हलवत आल्या. गठ्ठा नाही. चेहरा असा की कुणीतरी त्यांची पर्स मारली आहे.

"फरक शून्य," त्या म्हणाल्या.

"काय?"

"शून्य. मी स्वतः बघितलं. मला बरं वाटत नाहीये."

मंगळवारी शून्य. बुधवारी शून्य. दुसऱ्या आठवड्यातही शून्य. मी होऊनजाईलला विचारलं, काय केलंत? तो म्हणाला, "मी काही केलं नाही, झालं." साहेबांनी अध्यक्षांना कळवलं आणि अध्यक्षांनी जाहीर केलं, की आजोबा आपण स्वतःच्या हाताने बंद करणार. समारंभपूर्वक. बटण दाबून. फोटोग्राफर बोलावून.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून एक कागद दाखवला. माझ्या बदलीची ऑर्डर. "टाइप झालीय बघा. समारंभ झाला की सही ठोकतो." मला त्या क्षणी साहेबांच्या भिंतीवरचा तो भला मोठा नवा पडदासुद्धा सुंदर वाटला. त्यावर दिवसभर हिरव्या अक्षरांत 'आधुनिकीकरण प्रगतिपथावर' असं झळकायचं आणि त्याचा दुसरा काहीच उपयोग नव्हता.

खुर्च्या कुठे मांडायच्या ते बघायला मी तळमजल्यावर गेले. आजोबांच्या खोलीचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबले. आवाज नाही. दिवा नाही. खोली भट्टीसारखी तापलेली. कपाटाला हात लावला तर वर धूळ आणि आत सामसूम.

मी वायरमनला हाका मारल्या. तो आला, डोकं खाजवत म्हणाला, "हो, लाइन काढलीय ना इथली. साहेबांचा तो मोठा पडदा लावायचा होता, वरच्या लाइनवर लोड घेईना. म्हटलं, इथे नाहीतरी कुणी बसत नाही."

"कधी काढलीस?"

"झाले की पंधरा-एक दिवस."

मी होऊनजाईलला फोन लावला. "आजोबा पंधरा दिवस बंद आहेत. मग तुमचा ताळा कुणाशी होतोय?"

"मॅडम, ते... आजोबांची फाइल वेळेवर यायची नाही आणि मग फरकताई माझ्या डोक्यावर बसायच्या. म्हणून मी एक सोय करून ठेवली होती. आजोबांची फाइल नसेल तर जी असेल ती घ्यायची."

"म्हणजे सूनबाईची?"

"हो."

"म्हणजे सूनबाईचा ताळा सूनबाईशी?"

"जुळतोय पण एकदम, नाही का?"

"आणि लोकांना नोटिसा कोण पाठवतंय?"

"तिथेही तीच सोय आहे."

म्हणजे पंधरा दिवस सगळं शहर सूनबाईच्या हातचं जेवत होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. एक तक्रार नाही. इतकी वर्षं जे सिद्ध करायला मी घसा कोरडा केला, ते एका वायरमनने प्लग काढून सिद्ध केलं होतं.

मी खरं सांगणार होते. साहेबांच्या दारापर्यंत गेलेही. पण आत टेबलावर तो टाइप केलेला कागद दिसत होता आणि माझ्या कानात "पाणी घेणार का तुम्ही?" वाजत होतं. मी तशीच मागे फिरले आणि वायरमनला म्हटलं, "लाइन जोड. निदान समारंभापुरते चालू कर त्यांना."

त्याने जोडली. आजोबांनी आतून एक लांब उसासा सोडला, जळका वास आला आणि ते कायमचे शांत झाले.

"गेले," वायरमन म्हणाला आणि त्याने टोपी काढली.

"जाऊन कसं चालेल? परवा अध्यक्ष येणारेत त्यांना बंद करायला!"

वायरमन विचारात पडला. तो तसा हुशार माणूस, फक्त त्याला कामाला लावायची भीती वाटते. दुसऱ्या दिवशी त्याने सजावटीच्या लुकलुकत्या दिव्यांची एक माळ आणली आणि कपाटाच्या काचेमागे गुंडाळून ठेवली. मागे एक टेबलफॅन ठेवला आणि त्याच्या पात्याला लागेल असा पुठ्ठा अडकवला. फर्रर्र असा आवाज येऊ लागला. पुढे लाल बटण बसवलं आणि ते मागच्या सॉकेटला जोडलं. बटण दाबलं की माळ बंद, पंखा बंद. आम्ही तीनदा करून पाहिलं. "मॅडम," तो अभिमानाने म्हणाला, "खऱ्या आजोबांपेक्षा तब्येत चांगली वाटतेय."

समारंभाला सगळा स्टाफ लोटला. अध्यक्षांनी भाषण केलं. जुन्याने नव्याच्या हातात हात कसा द्यावा वगैरे. काही जुने कर्मचारी खरंच डोळे पुसत होते. मी मागे उभी राहून मनातल्या मनात सामान बांधत होते. अध्यक्ष पुढे झाले, कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि त्यांनी बटण दाबलं.

फोटोग्राफरचा दिवा विझला.

खोलीत अंधार झाला आणि त्या अंधारात आजोबा जोरात लुकलुकू लागले. लाल, हिरवा, निळा. फर्रर्र.

अध्यक्षांनी पुन्हा बटण दाबलं. फोटोग्राफरचा दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. मी वायरमनकडे बघितलं, वायरमनने फोटोग्राफरकडे. फोटोग्राफर निरागसपणे म्हणाला, "मला प्लग हवा होता, म्हणून मी यांचा काढून पलीकडे लावला. चालतो ना?"

तेवढ्यात फरकताई पुढे आल्या. त्यांनी कपाट उघडलं. आत हात घातला आणि माळ ओढायला सुरुवात केली. माळ संपेचना. हातभर, दोन हात, लुकलुकत बाहेर येतच राहिली. शेवटी पुठ्ठ्यासकट पंखा निघाला.

"फरक आहे," फरकताई म्हणाल्या.

साहेबांच्या केबिनमध्ये मी उभी होते. अध्यक्ष साहेबांच्या खुर्चीत, साहेब माझ्या शेजारी उभे. मी सगळं सांगून टाकलं. वायरमनचं नाव घेतलं नाही. लाइन मीच काढायला लावली, असं म्हटलं.

"म्हणजे यंत्र पंधरा दिवस बंद," अध्यक्ष म्हणाले. "आणि तक्रारी?"

"एकही नाही सर."

"नोटिसा?"

"वेळेवर जातायत."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे माझ्या परवानगीशिवाय सगळं नीट चाललंय?"

"हो सर."

"आजोबा कागदोपत्री चालू राहतील. चौकशी होईल," ते म्हणाले. "आणि या बाईंची बदली करा. इथून लांब. जिथे कुणी जात नाही अशा ठिकाणी." त्यांनी टेबलावरच्या ऑफिसांच्या यादीवर बोट फिरवलं आणि ते बोट जिथे थांबलं, ते माझं गाव होतं. माझं! दोन टेबलं आणि गळका नळ!

मी तोंड जितकं पाडता येईल तितकं पाडलं. पण साहेब मला ओळखून होते आणि सूनबाईच्या आवश्यक चुका माझ्याशिवाय कुणाला समजत नाहीत हेही ओळखून होते.

"सर, तिथे नको," साहेब म्हणाले. "मॅडम गुणी आहेत. ताकीद देऊन सोडू."

"नको साहेब," मी म्हटलं, "माझा गुन्हा मोठा आहे."

"अहो, एवढा नाही."

"आहे हो साहेब! बघितलात ना तुम्ही? पंखा होता त्यात!"

अध्यक्ष आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. साहेबांनी शेवटचा पत्ता टाकला. "सर, खरं सांगतो. त्या गावात मॅडमचे मिस्टर असतात. तिकडे पाठवणं म्हणजे शिक्षा होणारच नाही."

अध्यक्षांनी पेन टेबलावर ठेवलं. "असं का?"

पेन तिथे आडवं पडलेलं आणि माझं घर त्याच्या टोकाशी. आणि मला सुचलं ते सुचलं.

"सर," मी खाली मान घालून म्हटलं, "सासूबाईही असतात."

अध्यक्ष पुढे वाकले. "एकाच घरात?"

"एकाच स्वयंपाकघरात, सर."

"कशा आहेत?"

मी पदराने नाक पुसलं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, त्यांच्या तोंडावर काहीतरी जुनं, घरगुती दुःख उमटून गेलं आणि त्यांनी पेन उचलून बदलीवर सही केली.

जिन्यातूनच घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. माझ्या माघारी माझ्या मुलीच्या वेण्या घालणारी, तिचा अभ्यास घेणारी, मी गेले की बळेच मला झोपायला लावणारी ही बाई. मी हुंदके देत सगळं सांगितलं, बदली झाली म्हणून आणि कशी झाली तेही.

"आई, रागावू नका. मी तुमच्याबद्दल तिथे फार वाईट समज करून दिलाय."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सही झाली ना पण?"

"हो."

"शिक्का मारून घेतलास?"

"नाही अजून."

"मग फोन ठेव आणि आधी शिक्का घे. आणि तो अध्यक्ष परत काचकूच करायला लागला, तर मला फोन लावून दे. मी त्याच्या देखत तुला चार शब्द सुनावते."